धूर नसलेला कोळसा

नातीच्या गालावर मी चापट मारली. ती उठली नाही. दुसरी मारली, जोरात. तिची मान एका बाजूला कलंडली आणि तशीच राहिली.

आम्ही वाळवंटात होतो, शारजापासून तासाभराच्या अंतरावर. नुकतं उजाडत होतं, पण धुकं असं की दहा पावलांवरचा मुलाचा तंबू दिसत नव्हता. आमच्या तंबूतून नातीला मी पाय धरून ओढत बाहेर काढलं होतं. कसं काढलं ते नीट आठवत नाही, कारण माझंच डोकं कुणी सांडशीत धरल्यासारखं दुखत होतं आणि मला उभं राहता येत नव्हतं. माझे मालक वाळूत पालथे पडले होते. त्यांना दमा आहे. ते मुलाला हाक मारू बघत होते, पण तोंडातून नुसती हवा येत होती.

तंबूत लोखंडी कढई होती. कढईत लाल निखारे होते. ते मी ठेवले होते.

मी तिसरी चापट मारली. नात आठ वर्षांची आहे. तिचा श्वास चालू आहे की नाही ते बघायला मी तिच्या नाकाशी बोट धरलं, पण काही कळेना. मग मी ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते. धुक्यातून मुलगा अनवाणी धावत आला, त्याच्यामागून सून. सुनेनं मुलीला माझ्या हातातून काढून घेतलं. मुलानं तंबूत वाकून बघितलं, कढई बघितली आणि माझ्याकडं बघितलं.

"आई, हे काय केलंस तू?"

मी काय केलं ते मला अजून कळलेलं नव्हतं.

आमचा जन्म पाचगणीत गेला. मालक एका बोर्डिंग शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाकी होते. मी त्याच शाळेच्या मुलांच्या कपड्यांना इस्त्री करायचे. घराच्या पडवीत लाकडी टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर आणि सहा किलोची कोळशाची इस्त्री. पन्नास वर्षं मी ते काम केलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण कोळशाची परीक्षा मला कुणी शिकवायला नको होती. कच्चा कोळसा धूर देतो, धुरानं पांढरा सदरा पिवळा पडतो, आणि सदरा पिवळा पडला की शाळेची मेट्रन दारात उभी. म्हणून कोळसा पेटवायचा, वारा घालायचा, धूर पूर्ण जाऊ द्यायचा. आतून लाल आणि वर पांढरी राख आली की तो कोळसा चांगला. तो इस्त्रीत भरायचा. उरलेले निखारे संध्याकाळी शेगडीत घालून घरात न्यायचे आणि आम्ही सगळे शेगडीभोवती बसायचो. पाचगणीचा हिवाळा असाच काढला, एकेक करून पन्नास.

पूर्वी लोक छाती बरी करायला पाचगणीला यायचे. हवा चांगली म्हणून. आमच्या मालकांची छाती तिथंच बिघडली. नोकरी सुटल्यावर दर हिवाळ्यात त्यांचा दमा वाढत गेला. शेवटच्या हिवाळ्यात तर ते आडवे झालेच नाहीत. भिंतीला गादीची वळकटी लावून, तिला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. डोक्याला कानटोपी, अंगावर दोन स्वेटर, तरी ओठ निळे. वाईचे डॉक्टर म्हणाले, "आजी, यांना थंडीपुरतं तरी कोरड्या, उबदार गावी न्या. इथं पुढचा हिवाळा अवघड आहे."

मुलगा चौदा वर्षं शारजात आहे. एसी दुरुस्तीच्या कंपनीत ऑफिसचं काम बघतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तुम्ही इकडंच या राहायला. इथं हिवाळ्यात लोक घरात बसत नाहीत, बाहेर पडतात. बागा आहेत, समुद्र आहे. आबा फिरतील."

मी म्हणाले, "आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात घरात. एसी लावून."

"म्हणजे इथं हिवाळ्यात कोंडून घ्यायचं आणि तिथं उन्हाळ्यात. फरक काय झाला?"

तो म्हणाला, "फरक हा की आबा राहतील."

माझा मुलगा असं बोलणारा नाही. मी फोन मालकांच्या हातात दिला आणि पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून घर आवरायला घेतलं.

शेगडी शेजारणीला दिली, इस्त्री विकली. मालकांनी एकच वस्तू सोडली नाही, ती म्हणजे कढई. शाळेनं निरोपाच्या दिवशी शाल दिली होती, पण मालकांनी मागून घेतली ती मुदपाकखान्यातली सगळ्यात लहान लोखंडी कढई. लहान म्हणजे आपल्या घरातल्या कढईच्या दुप्पट. विमानतळावर बॅग उघडायला लावली. तो माणूस कढई उलटी सुलटी करून बघत होता आणि मालक त्याला मराठीत सांगत होते, "अहो, पोह्यांची आहे."

नोव्हेंबरात आम्ही शारजात, अल नहदा भागात, मुलाकडं राहायला आलो. एकोणिसावा मजला. खिडकीतून बघितलं तर समोर तसलीच इमारत, तिच्यामागं तसलीच. पलीकडच्या रस्त्यापासून दुबई सुरू होते म्हणतात. मला तर कुठं काही वेगळं दिसलं नाही, दोन्हीकडं गाड्याच. पहिले आठ दिवस मला लिफ्टची भीती वाटायची. मालकांना नाही वाटली. ते लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करायचे, मग तो पठाण असो की फिलिपिनो.

घराजवळ बाग आहे. पहिल्या दिवशी मालक फाटकापासून पहिल्या बाकापर्यंत गेले आणि बसले. नात सोबत होती. ती म्हणाली, "आबा, दॅट्स इट?" तिला मराठी कळतं सगळं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. मालकांना इंग्रजी येत नाही. ते मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत, आणि दोघांचं अडायचं कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना दुसऱ्या बाकाकडं बोट दाखवलं. "यल्ला आबा. वन मोर बेंच."

"अगं, माझा भाता फुटलाय."

"यल्ला, यल्ला!" म्हणजे अरबीत चला, चला. आणि ती पुढं पळायची, बाकावर चढून उभी राहायची आणि दोन्ही हात हलवायची, जणू हा म्हातारा बोटीतून येतोय.

असं तिनं त्यांना एकेक बाक पुढं नेलं. बागेत एकवीस बाक आहेत. डिसेंबरच्या शेवटी ते न बसता पूर्ण फेरी मारायला लागले. त्या दिवशी नातीनं त्यांना स्वतःच्या खिशातलं चॉकलेट दिलं, अर्धं खाल्लेलं. ते त्यांनी रुमालात बांधून घरी आणून मला दाखवलं. मी म्हटलं, "खा आता, मुंग्या लागतील." पण बघून बरं वाटलं, नाही असं नाही. आडवे झोपत होते. घोरतसुद्धा होते. पाचगणीत त्यांच्या श्वासाच्या आवाजानं मी जागी राहायचे, इथं घोरण्यानं. मी तक्रार केली नाही.

इथला हिवाळा मला उलटाच वाटला. आमच्याकडं थंडी पडली की लोक दारं लावून घेतात. इथं थंडी पडली की दारं उघडतात. पोरं सायकली काढतात, बायका घोळक्यानं चालायला निघतात, आणि सुट्टीच्या दिवशी जो तो कोळशाची पिशवी घेऊन बाहेर पडतो. बागेत, समुद्रावर, वाळवंटात, जिथं परवानगी असेल तिथं कोळसा पेटलेला. मला तो वास यायचा आणि घरी आल्यासारखं वाटायचं.

जानेवारीत मुलानं दोन तंबू आणले. "एक रात्र वाळवंटात राहायचं. सगळे जातात."

सून म्हणाली, "आबांना झेपेल का?"

मालक म्हणाले, "मी एकवीस बाकांचा माणूस आहे आता."

तसं ठरलं. मालकांनी कढई घेतली, मी उशा घेतल्या.

तिथं पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाळू तांबडी, पायाला मऊ. नात टेकडीवरून लोळत खाली यायची आणि पुन्हा चढायची. मालक खाली खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक वेळी टाळ्या वाजवत. मुलगा कोळसा पेटवायला बसला. बाटलीतलं कसलंसं तेल ओतायचा, भडका उडायचा आणि विझायचा. सूनही फुंकून फुंकून डोळे चोळत होती.

मी बराच वेळ बघत राहिले. मग म्हटलं, "सरका."

"आई, तू पेटव बाई. तुझा धंदाच आहे तो," मुलगा म्हणाला.

मी वाऱ्याची दिशा बघितली, कोळसे उभे रचले, मध्ये कागदाची वळकटी घातली आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. पाव तासात निखारे तयार. सून म्हणाली, "कमाल आहे, आई. आमच्या बिल्डिंगमधले सगळे इंजिनिअर अर्धा अर्धा तास घालवतात." नातीनं मोबाईलवर माझा फोटो काढला. मुलगा म्हणाला, "अठरा दिरहॅमची पिशवी, म्हणजे चारशे रुपयांचा कोळसा. निम्मा तर मीच जाळला." सगळे हसले. मीही हसले. त्या कौतुकानं मी जरा फुगले होते, ते खरं आहे. इथं आल्यापासून मला येत असलेली गोष्ट कुणाच्या उपयोगी पडली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

जेवणं झाल्यावर मी निखाऱ्यांवर राख ओढून ठेवली. जुनी सवय. राखेखाली निखारा सकाळपर्यंत टिकतो.

नातीनं हट्ट धरला की ती आमच्या तंबूत झोपणार. सून म्हणाली, "आजीला त्रास देशील." मी म्हणाले, "राहू दे." आत तिघांची अंथरुणं घातली. मालक दाराशी झोपायला लागले.

"तिथं कुठं? वारा लागेल."

"मला तोंडाशी हवा लागते गं. कोंडल्यासारखं होतं."

"थंडीपायी देश सोडून आलो, आणि आता थंडीतच तोंड घालून झोपा."

त्यांनी तंबूच्या दाराची चेन खालून वीतभर उघडी ठेवली आणि त्या फटीशी उशी घेतली. मी बोलायचं सोडून दिलं.

मी पाचला उठते. पाचगणीत उठायचे, इथंही उठते. त्या दिवशी उठले तर तंबू आतून ओला. धुकं उतरलं होतं आणि त्या वीतभर फटीतून गार वारा सरळ आत येत होता. नात पोटाशी पाय घेऊन झोपली होती. हात लावला तर पाय बर्फ. माझं पांघरूण तिच्यावर टाकलं, तरी कुडकुडत होती. मालकांनाही खोकल्याची उबळ येऊन गेली.

मला जे येतं ते मी केलं. बाहेर गेले, राख बाजूला केली. खाली निखारे होते. पिशवीतले कोळसे वर घातले, पुठ्ठ्यानं वारा घातला. आणि थांबले. घाई केली नाही. धूर पूर्ण गेला, वर पांढरी राख आली, तेव्हाच निखारे चिमट्यानं कढईत भरले. एकही कच्चा कोळसा घेतला नाही. मालकांच्या छातीला धूर सोसत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? खाली वाळूचा जाड थर घालून कढई तंबूच्या मधोमध बसवली, कुणाचा पाय लागू नये म्हणून भोवती बुटं लावली.

मालक अर्धवट जागे झाले. "अगं, आत आग कशाला आणलीस?"

"आग नाही. निखारा आहे. धूर आहे का बघा."

त्यांनी हवा हुंगली. "नाही."

"मग झोपा."

ऊब येऊ लागली. नातीनं पाय लांब केले. मालकांचा डोळा लागला. फटीतून ऊब बाहेर जात होती, म्हणून मी हलकेच त्यांच्या उशीवरून हात नेला आणि चेन खालपर्यंत लावून टाकली. त्यांना कळू दिलं नाही. मग नातीला कुशीत घेऊन मी आडवी झाले. बाहेर अजून अंधार होता. मला वाटलं, जरा पडावं, मग चहा ठेवावा.

पुढचं मालकांनी सांगितलं म्हणून मला माहीत आहे. त्यांना छाती आवळल्यासारखी झाली आणि जाग आली. दुसरा कुणी असता तर झोपेतच राहिला असता, मी राहिले होते तशी. पण ज्याला श्वास मोजून मिळतो त्याला हवा कमी झालेली लगेच समजते. त्यांनी उशीपाशी फट चाचपली. फट नव्हती. त्यांनी चेन ओढली, डोकं बाहेर काढलं आणि खोकत बाहेर पडले. तिथून हात आत घालून माझा पाय धरला आणि ओढत राहिले. त्यांच्यात ताकद नव्हती. पण सोडलं नाही. पायाला नखं लागली तेव्हा मी डोळे उघडले.

मग त्या तीन चापट्या.

मुलानं आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं, काचा खाली केल्या. सून मागं बसून मुलीचं तोंड खिडकीबाहेर धरून होती आणि फोनवर इंग्रजीत ओरडत होती. धुक्यात रस्ता दिसत नव्हता. मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपापाशी रुग्णवाहिका भेटली. त्यांनी तिथंच मुलीला मास्क लावला, मग मालकांना, मग मला. मी म्हणत होते, "माझं राहू द्या, तिच्याकडं बघा." मला मराठीशिवाय काही सुचत नव्हतं.

इस्पितळात आम्हा तिघांना एका रांगेत झोपवलं. मध्ये नात. नळीतून प्राणवायू येत होता, फुसफुस आवाज करत. तिचे डोळे मिटलेले. छाती हलताना दिसत होती, तेवढ्यावर मी नजर ठेवून होते. रक्त घेतलं. डॉक्टर सुदानी होता, उंच, हळू बोलणारा. त्यानं मुलाला काहीतरी विचारलं. मुलगा इंग्रजीत सांगायला लागला. त्यात 'मिस्टेक' आणि 'बार्बेक्यू' एवढं मला कळलं, आणि तो माझं नाव टाळतोय हेही कळलं.

मी मास्क खाली ओढला. "क्या पूछता है?" मी नर्सला विचारलं. ती केरळची होती.

"पूछता है, कोयला अंदर कौन लेके गया."

"मैं लेके गई," मी म्हटलं. "और चेन भी मैंने बंद की."

मुलगा म्हणाला, "आई, गप ना. पोलिसांना कळवतात इथं."

"कळवू दे. तू खोटं सांगू नको. तिला काय झालंय ते त्यांना नीट समजलं पाहिजे."

नर्सनं डॉक्टरला ते सांगितलं, त्यानं मान हलवली आणि लिहून घेतलं. मी नर्सला सांगितलं, "पर धुआँ नहीं था. एकदम साफ कोयला था. पचास साल मैंने वही काम किया."

तिनं माझा मास्क वर सरकवला. "अम्मा, धुएँ की बात नहीं है. कोयले से गैस निकलती है. दिखती नहीं, बास भी नहीं आती. हर सर्दी में लोग ऐसे आते हैं यहाँ. कोई तंबू से, कोई कमरे से." मग म्हणाली, "सब लोग नहीं आ पाते."

मी छताकडं बघत पडले. पन्नास वर्षं मी तो कोळसा हाताळला. शेगडी घरात ठेवून आम्ही झोपलो, मुलगा तिच्याच उबेत वाढला. घर कौलारू होतं, दाराच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी होत्या. त्या फटी बुजवा म्हणून दर हिवाळ्यात मी मालकांशी भांडायचे. त्यांनी कधी बुजवल्या नाहीत, आळसानं म्हणा की कशानं. तंबूला फट नव्हती. एक होती, ती मी लावली.

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, असंही नाही. मला कोळशातलं कळतं, असंच मी म्हटलं असतं.

डॉक्टर मालकांची छाती बराच वेळ तपासत होता. त्यानं नर्सकरवी विचारलं, काम काय करत होते. मी सांगितलं, चुलीपुढं स्वयंपाक, बेचाळीस वर्षं. आणि घरात? घरात माझी इस्त्री. डॉक्टर म्हणाला, छाती थंडीनं नाही बिघडली, धुरानं बिघडली, थंडी नंतर आली. आम्ही सगळी वर्षं पाचगणीच्या थंडीला शिव्या घातल्या होत्या. मी मालकांकडं बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी मास्क तसाच ठेवून हात हलवला, जसा भाजीत मीठ जास्त पडल्यावर हलवायचे तसा. असू दे.

सून आमच्या पायथ्याशी उभी होती. माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मला थंडी वाजत होती, पण मी ती कुणाला सांगणार? थोड्या वेळानं तिनं अंगातलं जाकीट काढलं, माझ्या पायांवर टाकलं, बाजूनं खोचलं. माझ्याकडं बघितलं नाही. पुन्हा मुलीच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

तास झाला असेल, जास्तच. नातीनं आधी ओकारी केली. मग रडली. मग डोळे उघडून आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, आणि मान वळवून माझ्याकडं.

"आजी," ती म्हणाली, "यू स्लॅप्ड मी."

"तीनदा," मी म्हटलं.

"इट हर्ट."

"लागायलाच पाहिजे होतं."

पलीकडच्या खाटेवर मालक तोंडावर मास्क असताना हसायला गेले आणि त्यांना एवढा खोकला आला की नर्स धावत आली. माझा मुलगा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याला हाक मारली नाही. मोठा माणूस आहे, त्याला थोडा वेळ पाहिजे होता.

संध्याकाळी एक पोलीस आला, तरुण, सभ्य. मी त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, पुन्हा असं करू नका. मी म्हटलं, नाही करणार. दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं.

घरी आल्यावर मी मुलाला म्हटलं, "आमची तिकिटं काढ. आम्ही जातो परत." मला वाटलं होतं तो नको म्हणेल. तो म्हणाला, "बघतो." सुनेच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. तिनं नातीला स्वतःच्या खोलीत झोपवायला सुरुवात केली होती. बागेत आम्ही निघालो की ती मुलीला गृहपाठाला बसवायची. मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि चार शब्द वर बोलले असते.

मालक म्हणाले, "तुला जायचं तर जा. मी इथं फेऱ्या मारतो."

"एकटे?"

"एकटाच. बाक माझे पाठ झालेत."

मुलानं वाळवंटातून सामान आणलं होतं. तंबू गुंडाळून माळ्यावर टाकले. कढई त्यानं बाल्कनीत पालथी घातली होती. मला ती नजरेसमोर नको होती. म्हटलं, टाकून दे. एका सकाळी उठले तर मालक स्वयंपाकघरात उभे. कढई घासून लख्ख केलेली आणि तिच्यात सगळ्यांपुरते कांदेपोहे. त्यांनी मला पहिली बशी दिली. मी म्हटलं, "भूक नाही." ते म्हणाले, "कढईचा काय दोष? माझाही नाही. तुझा आहे, पण खा." मी खाल्ले. मीठ बरोबर होतं.

मी त्यांना विचारलं, "चेन लावल्याचं तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," ते म्हणाले. "मी जागाच होतो तेव्हा. म्हटलं, पोरीला थंडी वाजते तर असू दे लावलेली."

हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नव्हतं, पोलिसाला नाही, मुलालाही नाही. मला सांगितलं, तेही पोहे खाताना. मी बशी खाली ठेवली. मग मी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

आठवडा गेला. एका संध्याकाळी आम्ही बागेत जायला चपला घालत होतो. सून खोलीतून आली, मुलीचा हात धरून. म्हणाली, "आई, हिला घेऊन जा. घरात नुसती कंटाळते." मग तिनं मुलीचा हात माझ्या हातात दिला, आणि तिचा स्वतःचा हात जरा वेळ तसाच वर राहिला. मग काढून घेतला. मी म्हटलं, "अंधार पडायच्या आत आणते." ती म्हणाली, "सावकाश या."

तिकिटांचा विषय नंतर कुणी काढला नाही.

त्या दिवशी मालक पहिल्या बाकावरच बसले. छाती पुन्हा भरून आली होती, इस्पितळानंतर तसं व्हायचंच. नात दुसऱ्या बाकावर जाऊन चढली आणि हात हलवायला लागली. "यल्ला आबा! वन मोर बेंच!" ते उठले. मी त्यांच्या मागून चालले, हात न धरता, कारण धरलेला त्यांना आवडत नाही.

त्या सकाळी तंबूत मी होते, माझे मालक होते आणि आमची नात होती. तिघंही जगलो.